आइसलँड: आठ रात्रींत पूर्ण गोल नको, अर्धा देश नीट बघा

प्रश्न: आम्ही नाशिकचे चौघे. मी, मिस्टर, इंजिनिअरिंगला असलेला मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. जूनमध्ये आठ रात्री आइसलँडला जायचं मनात आहे. गाडी भाड्याने घेऊन पूर्ण रिंग रोड करायचा आहे आणि नॉर्दर्न लाइट्सही बघायचे आहेत. आम्ही शाकाहारी आहोत. सासूबाईंना झेपेल का? व्हिसा, गाडी, जेवण, खर्च याबद्दल सविस्तर सांगाल का?

उत्तर:

ताई, आधी तारखांचं बोलू या, कारण तुमच्या दोन इच्छा एका महिन्यात बसत नाहीत. जूनमध्ये तिथे अंधार पडतच नाही. २१ जूनच्या आसपास रेक्याविकला सूर्य मध्यरात्र उलटल्यावर मावळतो आणि तीनच्या सुमाराला परत उगवतो, मधल्या वेळात नुसता संधिप्रकाश. दिवसा तारे दिसत नाहीत तसे त्या उजेडात नॉर्दर्न लाइट्सही दिसत नाहीत. त्यांच्यासाठी ऑगस्टची अखेर ते एप्रिलचा मध्य हा काळ धरावा लागतो.

गेली चौदा वर्षं मी मराठी कुटुंबांच्या आइसलँडच्या सहली आखतोय, त्यांतल्या नऊ वेळा स्वतः बरोबर गेलोय. तुमच्यासारख्या घराला, म्हणजे एक तरुण, दोघं मधल्या वयाचे आणि एक वयस्क माणूस, मी सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा सुचवतो. दिवस आणि रात्र साधारण बारा-बारा तासांचे असतात. दिवसभर फिरता येतं, रात्री आकाश काळं मिळतं. सखल भागातले रस्ते बहुधा कोरडे असतात, उन्हाळ्याची गर्दी ओसरलेली असते आणि बर्चची खुरटी झाडं पिवळी पडलेली असतात. तापमान साधारण ५ ते १० अंश. गणपती कधी येतात त्यावर तुमची तारीख थोडी पुढेमागे होईल, पण १० ऑक्टोबरच्या पलीकडे नेऊ नका. लाइट्स सोडायला तयार असाल तर जूनही सुंदर आहे. ल्यूपिनच्या निळ्याजांभळ्या फुलांनी माळ भरलेले असतात आणि कड्यांवर पफिन पक्षी असतात. ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत समुद्रावर निघून जातात, म्हणून सप्टेंबरमध्ये भेटणार नाहीत.

आता रिंग रोड. हा पहिल्या क्रमांकाचा महामार्ग सुमारे १,३२२ किलोमीटर आहे. १९७४ मध्ये दक्षिणेकडच्या स्केइदाराउ नदीवर पूल झाला तेव्हा गोल पूर्ण झाला. नाशिकहून नागपूरला जाऊन परत येण्याइतकं अंतर, म्हणून बऱ्याच जणांना सोपं वाटतं. पण आठ रात्री म्हणजे हातात सात पूर्ण दिवस, त्यातला पहिला प्रवासाच्या थकव्यात जातो. कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, खडीच्या रस्त्यावर ८०. दर वीस मिनिटांनी गाडी थांबवावीशी वाटणार, आणि थांबलंच पाहिजे, त्यासाठीच तर जातोय आपण. शिवाय एखादा दिवस वादळाचा निघतो. पूर्ण गोलाच्या आराखड्यात त्या दिवसाला जागाच नसते. मग माणसं पुढच्या हॉटेलचे पैसे वाया जाऊ नयेत म्हणून नको त्या वाऱ्यात गाडी काढतात. तिथल्या अपघातांमागचं हे कारण मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: उत्तर आणि पूर्व या खेपेला सोडा. रेक्याविकपासून योकुलसाउरलोनच्या हिमसरोवरापर्यंत दक्षिण किनाऱ्याने जा आणि त्याच रस्त्याने परत या. एका बाजूने सुमारे ३७० किलोमीटर. परतीला तोच रस्ता म्हणून नाराज होऊ नका. जाताना पावसात झाकलेला धबधबा येताना उन्हात दिसतो, आणि जाताना चुकलेलं येताना गाठता येतं.

नकाशा वाचायला पाच शब्द पाठ करा, फार उपयोग होतो. फॉस म्हणजे धबधबा, योकुल हिमनदी, वीक खाडी, सांदुर वाळूचं मैदान, लोन सरोवर. रेक्याविक म्हणजे ‘धुराची खाडी’. तो धूर म्हणजे जमिनीतून येणारी वाफ.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक, लागतो. आइसलँड युरोपीय संघात नाही, पण २००१ पासून शेंगेनमध्ये आहे. नियम असा की ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री, त्या देशाचा व्हिसा. परतीत कोपनहेगनला दोन रात्री राहिलात तरी अर्ज आइसलँडचाच. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. नियमाने निर्णय पंधरा दिवसांत अपेक्षित असतो, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो, म्हणून तुम्ही जूनच्या अखेरीलाच अर्ज टाका. फी मोठ्यांना ९० युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचा सेवाखर्च. बोटांचे ठसे द्यायला चौघांनी स्वतः जावं लागेल. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पानं असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा. सासूबाईंच्या विम्यात आधीपासूनचे आजार धरले आहेत का, ते पॉलिसीत शब्दशः वाचा. एजंट तोंडी ‘हो’ म्हणाला एवढ्यावर थांबू नका.

अर्जात सगळ्यात जास्त गोंधळ पैशांच्या कागदांचा होतो. खात्यात अर्जाच्या आठवडाभर आधी अचानक मोठी रक्कम जमा झालेली दिसली की प्रश्न उभे राहतात. सहा महिन्यांचं स्टेटमेंट शांत, सरळ असू द्या. एफडी मोडून पैसे घातले असतील तर त्याचा कागद जोडा. मुलाचा आणि सासूबाईंचा खर्च तुम्ही करणार असाल तर तसं पत्र आणि नात्याचा पुरावा लावा. मुलाच्या कॉलेजचं रजेचं पत्रही लावा, ते विसरतं. हॉटेलं आधी मोफत रद्द करता येतील अशीच घ्या.

भारतातून थेट विमान नाही. फ्रँकफर्ट, कोपनहेगन, अ‍ॅम्स्टरडॅम, हेलसिंकी अशा ठिकाणी बदलावं लागतं आणि इमिग्रेशन त्या पहिल्या शेंगेन विमानतळावरच होतं. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या सीमेवर ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे रांग लांबते. दोन विमानांमध्ये तीन तास तरी ठेवा आणि दोन्ही एकाच तिकिटावर घ्या. लंडनमार्गे स्वस्त दिसलं तरी ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्यांचे ट्रान्झिटचे नियम वेगळे. सासूबाईंसाठी तिकीट काढतानाच व्हीलचेअर नोंदवा. चालता येतं म्हणून संकोच करू नका, युरोपातल्या विमानतळांवर गेट फार लांब असतात.

उतरल्याच्या दिवशी गाडी चालवू नका. केफ्लाविक विमानतळ रेक्याविकपासून पन्नासेक किलोमीटरवर आहे आणि बस पाऊण तासात शहरात आणते. पहिल्या दोन रात्री शहरातच राहा, गाडी तिसऱ्या दिवशी सकाळी घ्या. त्या मोकळ्या दिवशी हाल्ग्रिम्सकिर्क्या चर्चच्या मनोऱ्यावर लिफ्टने जा, समुद्राकाठचा हार्पा हा काचेचा सभागृह-महाल बघा आणि संध्याकाळी शहरातल्या सार्वजनिक गरम पाण्याच्या तलावात बसा. ब्लू लगूनसारख्या प्रसिद्ध गरम पाण्याच्या तलावाचं तिकीट महाग असतं. गावचा तलाव स्वस्त, आणि आइसलँडची माणसं गप्पा मारायला तिथेच येतात. एक गोष्ट आधीच घरात बोलून ठेवा: पाण्यात उतरण्यापूर्वी कपडे न घालता साबणाने अंघोळ करणं तिथे सक्तीचं आहे. स्त्रियांची आणि पुरुषांची व्यवस्था वेगळी असते, आणि बऱ्याच तलावांवर आता एकट्याचं बंद न्हाणीघरही असतं. पाण्यात क्लोरीन कमी घालतात, म्हणून हा नियम, आणि तो मनापासून पाळावा. आणि जोडवी, पैंजण, चांदीचं जे काही असेल ते खोलीवर काढून ठेवा. गंधकाच्या पाण्यात चांदी तासाभरात काळी पडते.

गाडीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण सहल इथेच सावरते किंवा बिघडते. गाडी ऑटोमॅटिक घ्या. स्टिअरिंग डावीकडे आणि रस्त्याची उजवी बाजू, त्यात गिअरची भर नको. सप्टेंबरमध्ये तुमच्या मार्गाला फोर-व्हील सक्तीची नाही, पण चौघांच्या बॅगा आणि सासूबाईंचं चढणं-उतरणं बघता मध्यम उंचीची एसयूव्ही बरी. आपला परवाना इंग्रजीत असला तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, तो एक वर्ष चालतो. मुलगा चालवणार असेल तर गाडीभाड्याच्या कंपनीची वयाची अट बघा आणि करारात दुसरा चालक म्हणून त्याचं नाव घाला. नाव नसताना त्याने गाडी हातात घेतली तर विमा गेला.

विमा विकताना काउंटरवर चार-पाच नावं सांगतात. तुम्हाला काचेवर खडी उडण्याचा हवा आणि वाळू-राखेचाही हवा, कारण वीक गावाच्या पुढे वाळूची मोठी मैदानं आहेत आणि वारा सुटला की ती वाळू गाडीचा रंग खरवडते. आणि हे नीट लक्षात ठेवा: वाऱ्याने दार उलटं फिरलं तर ते नुकसान सहसा कुठल्याच विम्यात बसत नाही. २०१६ मध्ये योकुलसाउरलोनच्या अलीकडच्या एराइव्ही भागात डोंगरपायथ्याशी मी गाडी थांबवली. मागे बसलेल्या काकांनी दार उघडलं. वारा मागून होता. त्यांच्या हातातून दार सुटलं, कडाड आवाज झाला आणि बिजागरी वाकली. दार पुन्हा लागेना. पुढचे ऐंशी किलोमीटर आम्ही ते आतून ओढणीने बांधून नेलं, आणि बिल भारतीय रुपयांत लाखाच्या वर गेलं. तेव्हापासून माझ्या गाडीत एकच पद्धत आहे. थांबताना गाडीचं तोंड वाऱ्याकडे, दार एका वेळी एकच, आणि उघडणाऱ्याचा दुसरा हात दाराच्या कडेवर. सासूबाईंचं दार दर वेळी बाहेरून मुलाने उघडायचं, हे त्याला आजच सांगून ठेवा.

तिथे वारा मीटर प्रति सेकंदात सांगतात. २० म्हणजे ताशी ७२ किलोमीटर, आणि हा सरासरी वेग, झोत त्याहून जास्त. रस्त्याकडेला विजेचे फलक असतात, त्यांवर वारा आणि झोत दोन्ही दिसतात. १५ पर्यंत सावकाश चालवा. २० च्या पुढे अंदाज असेल तर मुक्कामी थांबा. एयाफ्यात्लायोकुलच्या डोंगरांखालचा पट्टा आणि एराइव्ही हे दोन भाग यासाठी कुख्यात आहेत, आणि दोन्ही तुमच्या वाटेवर येतात. रोज सकाळी आणि रात्री तीन गोष्टी बघायच्या: वेदूर ही हवामान खात्याची साइट, उम्फेर्दिन ही रस्त्यांची आणि सेफट्रॅव्हल ही सुरक्षिततेची. हवामानाचे इशारे पिवळा, नारिंगी, लाल असे वाढत जातात. मोबाईलमध्ये ११२ चं अ‍ॅप टाकून ठेवा. तिथली बचाव पथकं स्वयंसेवकांची आहेत. शिक्षक, मच्छीमार, दुकानदार हातातलं काम टाकून वादळात बाहेर पडतात, आणि पथकाचा बराच खर्च नववर्षाचे फटाके विकून भागवतात. आपल्या हट्टापायी त्यांना रात्री बाहेर काढणं मला अपराध वाटतो.

रस्त्यावरचे नियम थोडे आहेत पण वेगळे आहेत. दिवे चोवीस तास चालू. एकेरी पुलावर, म्हणजे फलकावर ‘एइनब्रेइद ब्रू’ असेल तिथे, जी गाडी पुलाच्या जवळ ती आधी जाते. तरी वेग कमी करून समोरच्याचा अंदाज घ्या. ‘ब्लिंदहैद’ म्हणजे पुढचं न दिसणारा चढ, तिथे उजवी कड धरा. ‘मालबिक एंदार’ म्हणजे डांबर संपलं, तिथे आधीच वेग उतरवा. खडीवर पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण याच जागी घसरतात. दोन पट्ट्यांच्या गोल चौकात आतल्या पट्ट्यातल्या गाडीला पहिला हक्क असतो, आपल्या सवयीच्या नेमका उलट. रस्ता सोडून मातीत, वाळूत चाक घालणं हा गुन्हा आहे, दंड जबर. वाहनतळांवर कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि पैसे त्याच दिवशी अ‍ॅपवर भरायचे असतात. विसरलात तर दंड आणि वर गाडीवाल्यांचा सेवाखर्च घरी आल्यावर कार्डावर येतो. बऱ्याच पेट्रोलपंपांवर माणूस नसतो, चार आकडी पिन असलेलं कार्ड लागतं. वीकमध्ये टाकी भरा. पुढे क्लाउस्टर, मग फ्रेइस्नेस, मग थेट हॉफ्न. स्वच्छतागृहांचंही असंच आहे. पंप, माहिती केंद्रं आणि मोठे धबधबे सोडले तर रस्त्याकडेला काही मिळत नाही. सासूबाई बरोबर आहेत तर प्रत्येक पंपावर थांबायचंच, असं ठरवून टाका.

मार्ग असा बसवा. तिसऱ्या दिवशी थिंगवेत्लिर, गेसिर, गुत्लफॉस. थिंगवेत्लिरला इ.स. ९३० मध्ये आइसलँडची संसद भरू लागली, उघड्यावर, खडकाच्या भिंतीला पाठ देऊन. तीच भिंत म्हणजे उत्तर अमेरिकेच्या भूपट्टाची कड. तिथून युरेशियाचा पट्ट वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर दूर सरकतोय. वरच्या सज्जातून सगळं दिसतं, उतरायला नको असेल तर सासूबाई तिथेच थांबतील. गेसिरच्या आवारात स्त्रोक्कुर हा गरम पाण्याचा फवारा दर सहा ते दहा मिनिटांनी उडतो, वाट सपाट आहे. तिथे सासूबाईंना गर्दीत पुढे उभं करा आणि पाण्याचा फुगा बघायला सांगा. उडण्याच्या क्षणभर आधी तोंडाशी निळसर काचेचा घुमट फुगतो, फुटतो आणि मग पांढरा खांब वर जातो. बहुतेक लोक खांबाचा फोटो काढतात आणि घुमट बघायचा राहतो. दुपारी रेयखोल्टच्या फ्रिदहेइमारमध्ये टोमॅटोच्या हरितगृहात बसून टोमॅटोचं सूप आणि ताजा पाव. शाकाहारी माणसाला इतकं पोटभर जेवण या मार्गावर दुसरीकडे मिळणार नाही, पण टेबल आधी राखून ठेवा. मुक्काम हेत्ला किंवा सेल्फॉस या गावांच्या बाजूला.

चौथ्या दिवशी सेल्यालंड्सफॉस आणि स्कोगाफॉस, दोन्ही सुमारे ६० मीटरचे. पहिल्याच्या मागून वाट जाते, पण दगड ओले आणि निसरडे. ती तुम्ही तिघं करा, सासूबाई समोरच्या सपाटीवर थांबतील. स्कोगाफॉसला पायथ्यापर्यंत सरळ चालत जाता येतं. वर जायला पाचशेच्या वर पायऱ्या आहेत, त्या मुलाला चढू द्या. संध्याकाळी रेइनिसफ्याराचा काळा किनारा. इथे माझं बोलणं कडक वाटेल, पण ऐका. या किनाऱ्यावर एखादी लाट अचानक नेहमीपेक्षा कितीतरी वर येते आणि माणसाला पायातून ओढून नेते. अनेक पर्यटक इथे बुडाले आहेत. दिव्यांचा इशारा बसवलेला आहे, तो बघा, आणि दिवा कुठलाही असो, ओल्या वाळूवर पाय ठेवू नका. समुद्राकडे पाठ करून फोटो नाही. तिथले षटकोनी खांब मात्र निवांत बघा. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर ओळखीचे वाटतील. लाव्हा थंड होताना आक्रसतो आणि असा खांबांत चिरतो. आपला दख्खनचा कातळ साडेसहा कोटी वर्षं जुना, हा त्या मानाने कालचा.

पाचव्या दिवशी वीक ते योकुलसाउरलोन. क्लाउस्टरच्या आधी रस्ता एल्डह्रोइनमधून जातो. हे १७८३ च्या लाकी उद्रेकाचं लाव्हाक्षेत्र आहे. त्या उद्रेकानंतर गुरं मेली, दुष्काळ पडला आणि देशाची सुमारे पाचवा हिस्सा लोकसंख्या गेली. आज त्यावर राखाडी-हिरवं शेवाळ गादीसारखं पसरलंय. बोटाने हळूच दाबून बघा, मनगटापर्यंत मऊ लागतं. त्यावर पाय मात्र देऊ नका. एका पावलाचा खड्डा भरून यायला काही दशकं लागतात.

योकुलसाउरलोनच्या आसपास दोन रात्री राहा, आणि माझं सगळ्यात ठाम सांगणं हेच आहे. बहुतेक लोक तासभर थांबून परत फिरतात. दोन रात्री असल्या की एक संध्याकाळ आणि एक पहाट मिळते. सरोवरात हिमखंड हळूहळू फिरत असतात. वारा पडला की त्यांच्या आतली हवा सुटताना तडतड ऐकू येते, कढईत मोहरी तडतडावी तशी, फक्त खूप दुरून. निळे तुकडे समुद्राकडे वाहतात आणि रस्त्यापलीकडच्या काळ्या वाळूवर येऊन पडतात. सासूबाईंना जमिनीवर आणि पाण्यात दोन्हीकडे चालणाऱ्या मोठ्या बोटीने न्या. शिडी आहे, पण मदतीला माणूस असतो. त्याच दिवशी मुलाला गाईडबरोबर हिमनदीवर चालायला पाठवा. स्वतःच्या स्वतः हिमनदीवर कुणीही जायचं नाही.

हाच मुक्काम लाइट्ससाठीही चांगला, कारण गावाचे दिवे नाहीत. लोक लाइट्सचा जोर सांगणाऱ्या केपी नावाच्या आकड्याच्या मागे लागतात. आइसलँड मुळातच लाइट्स दिसतात त्या पट्ट्याखाली आहे, आकडा लहान असला तरी दिसू शकतं. ढगांचा नकाशा बघा. वेदूरच्या साइटवर ढग नसलेला भाग वेगळा दिसतो, तिकडे तोंड करून बसा. पहिल्यांदा डोळ्यांना बहुधा राखाडी-पांढरट पट्टा दिसतो, ढगच आहे असं वाटतं. फोन रोखून तीन सेकंद धरा, हिरवा रंग आला की समजा आणि सगळ्यांना उठवा. जोर वाढला की नुसत्या डोळ्यांनाही हिरवं दिसतं आणि पडद्यासारखं हलतं. नऊ खेपांतल्या दोन खेपा आम्हाला काहीच दिसलं नाही. दक्षिणेत चार-पाच रात्री असतील तर एखादी रात्र मोकळी मिळण्याची आशा बरी असते, खात्री कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका.

सातव्या दिवशी परत हेत्लापर्यंत, आठवा दिवस राखीव. वादळाने आधीचा एखादा दिवस खाल्ला तर तो इथे भरून निघतो. नाही खाल्ला तर रेक्यानेस द्वीपकल्पात फिरा. तिथे २०२१ पासून वारंवार उद्रेक होत आहेत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्रिंदाविक हे अख्खं गाव रिकामं करावं लागलं, आणि जवळचं ब्लू लगूनही अनेकदा बंद ठेवावं लागलं आहे. जाण्याआधी त्या दिवसाची स्थिती बघा. शेवटची रात्र विमानतळाजवळ काढा.

जेवणाचं गणित सोपं आहे: स्वयंपाकघर असलेली घरं घ्या. तिथलं चलन क्रोना, एक क्रोना साधारण ६० ते ७५ पैशांच्या घरात असतो आणि रेस्टॉरंटमधली एक साधी डिश ३,००० ते ५,००० क्रोना. चौघांनी दोन वेळा बाहेर जेवलं की बजेट कोसळतं. तांदूळ, मुगाची डाळ, थालीपीठाची भाजणी, मेतकूट, मसाले, चहापत्ती घरून न्या, अन्नपदार्थ माणशी ३ किलोंच्या आत ठेवा. मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून तिथे नेता येत नाहीत. भाजी, दूध, दही, पाव बोनुस या दुकानात घ्या, पिवळ्या पाटीवर गुलाबी डुक्कर असतं ते. सेल्फॉसमध्ये मोठी खरेदी करा, वीकमध्ये क्रोनान हे किराणा दुकान आहे, क्लाउस्टरच्या पुढे दुकानं विरळ. स्कीर म्हणजे घट्ट दही, चक्क्याच्या जवळचं. पारंपरिक स्कीरमध्ये रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेला दूध घट्ट करणारा पदार्थ, असतं, तुम्ही कटाक्षाने पाळत असाल तर पाकीट वाचा. फोडणी देण्याआधी एक्झॉस्ट आणि खिडकी, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. नळाचं थंड पाणी उत्तम आहे, गरम पाण्याला मात्र अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाचा. चहाला थंड पाणी घेऊन उकळा.

रोख जवळजवळ लागत नाही. बहुतेक फॉरेक्स कार्डांवर क्रोना भरता येत नाही, युरो भरले तर दोनदा बदलाचं नुकसान होतं. परदेशी व्यवहारावर जादा आकारणी नसलेलं एक कार्ड आणि दुसऱ्या बँकेचं एक राखीव, एवढं पुरे.

कपड्यांत छत्री नेऊ नका, पहिल्याच झोताला उलटते. आत थर्मल, मध्ये लोकरीचं किंवा फ्लीस, वर वारा आणि पाणी अडवणारं जाकीट, आणि पावसाची पँट. ही पँट सगळे टाळतात आणि धबधब्याजवळ पस्तावतात. सासूबाई साडीच नेसत असतील तर त्यांच्याशी आधीच बोला. वाऱ्यात साडी पायात येते, पडण्याची भीती असते. थर्मलवर सलवार-कुर्ता आणि वर लांब जाकीट माझ्या बरोबर आलेल्या आज्यांना छान जमलं. बुटांचा तळ खाचांचा हवा, आणि ते नाशिकलाच महिनाभर घालून फिरू द्या. औषधं दुप्पट, अर्धी हातसामानात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. सेल्फॉसच्या पुढे पूर्वेकडे लहान आरोग्य केंद्रंच आहेत, मोठ्या इलाजाला परत पश्चिमेला यावं लागतं.

बुकिंगचा क्रम: आधी योकुलसाउरलोनजवळच्या दोन रात्री, कारण तिथे खोल्या मोजक्या आहेत आणि मार्च-एप्रिलमध्येच संपत येतात. मग वीक, मग गाडी, मग विमान, शेवटी रेक्याविक, तिथे कधीही मिळतं. तारखा ठरल्या की मला सासूबाईंबद्दल एवढं कळवा: सलग किती चालतात, जिना चढताना कठडा लागतो का, आणि रात्री कितीदा उठतात. योकुलसाउरलोनजवळ दोन प्रकारची घरं मिळतात, काहींची न्हाणी खोलीतच असते आणि काहींची बाहेर सामाईक. त्यांतलं कुठलं घ्यायचं ते त्यावरून सांगतो.